डबा वाजला की निघा

येथे फटफटी बंद करा.
डबा वाजला की निघा.

पाटीवर एवढंच आहे. नवा माणूस ती दोनदा वाचतो, मग इकडेतिकडे पाहतो. कोणाचा डबा? तो कशाला वाजेल? आणि तोवर सपाट माळावर एका निंबाखाली उभं राहून करायचं काय?

पत्रा चार फूट लांब, दोन फूट रुंद. त्यावर याहून जास्त मावत नाही, मी लिहून पाहिलंय. पाटी माझ्याच हातची आहे, त्यामुळे जे मावलं नाही तेही मलाच सांगायला हवं.

•

मी लक्ष्मीकांत, बांधकाम खात्यातला ओव्हरसिअर. १९६६ च्या दिवाळीनंतर माझ्याकडे वडनेर भोलजीहून नदीकडे जाणारा रस्ता आला. साडेपाच मैल मुरूम आणि तीन मोऱ्या. बायको सुलभा बुलढाण्याला शाळेत शिकवत होती, म्हणून मी वडनेरात एक खोली घेऊन एकटाच राहत होतो. उजाडताना कामावर जायचं, दिवस मावळताना परतायचं. गाडी जावा, एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली. मागच्या सीटवर आमच्या गँगचा मुकादम दयाराम. तो दोन्ही हातांनी माझा कोट धरून बसायचा आणि सबंध रस्ता बोलत राहायचा.

मधल्या मैलावर रामराव पाटलांचं वावर. वडनेरकडे तोंड करून परत येताना ते उजव्या हाताला लागतं. त्या साली त्यात हरभरा होता. डाव्या हाताला पडीत जमीन, बाभळी, वाळलेलं गवत. मधून आमचा रस्ता. वावराच्या नदीकडच्या टोकाला निंब, गावाकडच्या टोकाला विहीर आणि मधोमध चार लाकडी बल्ल्यांवर उभं केलेलं मचाण.

हरणं दिवसा पडितात बसायची आणि उजाडता-मावळता हरभऱ्यात यायची. म्हणजे त्यांचा आणि माझा वेळ एकच होता.

•

पहिल्यांदा पडलो ते असं:

डावीकडे पडीत. उजवीकडे हरभरा.
हरभऱ्यात काहीतरी हलतं. पाठी. वीसेक पाठी.
पाठी पळायला लागतात, रस्त्याच्या बरोबरीनं, माझ्या बरोबरीनं.
मला वाटतं त्यांना मागे टाकीन. गाडी जोरात सोडतो. (चूक.)
तीही जोरात.
पहिलं माझ्या पुढून उडी मारून पार होतं. मी म्हणतो, सुटलो. (दुसरी चूक.)
दुसरं. तिसरं. काळवीट, शिंगं पाठीला टेकलेली.
दयाराम बोलायचा थांबतो.
आकाश.
मुरूम.

हरणाची एक खोड मला तेव्हा माहीत नव्हती. फटफटीच्या मागून सगळं रान मोकळं पडलेलं असतं, तरी ते मागून जात नाही. शर्यत लावतं आणि पुढूनच जातं. आणि एक गेलं की उरलेली सगळी त्याच्या मागे जातात, मध्ये कोण आहे ते पाहत नाहीत.

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारी मचाणावरून उतरून पळत येत होती. एका हातात गोफण, दुसऱ्यात तेलाचा रिकामा डबा. डबा टाकायचंही तिला सुचलं नव्हतं.

"मेले का जित्ते हायत?"

"मी जित्ता हाव, मावशी," दयाराम मुरमात बसल्या बसल्या म्हणाला. "साहेबाचं पाहा."

"साहेबाले काय पाहू, थे तं डोये वटारून पाहून राह्यले माह्याकडं." तिनं दयारामचं मनगट हातात घेऊन दाबलं. तो ओरडला. "मोडलं नाई. मोडलं असतं तं याहून जोरात वरडला असता." तिनं लुगड्याचा काठ टर्रकन फाडून मनगट आवळलं, मडक्यातलं पाणी आम्हा दोघांच्या डोक्यावर ओतलं आणि मग माझ्याकडे वळली. "काऊन पयवत होते एवढी? हरनाशी कोनी शर्यत लावते का?"

मी म्हटलं, "ती मध्ये आली."

ती हातातल्या डब्याकडे पाहत म्हणाली, "मीच हाकलले होते. फटफटी दिसली नाई मले."

ही तानुबाई. रामरावांच्या वडलांच्या काळापासून त्या वावराची राखण तिच्याकडे. तिचं ते शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण त्याकडे लक्ष दिलं नाही.

•

मी ओव्हरसिअर आहे. अडचण दिसली की तिच्यावर उपाय करायचा आणि उपायावर पाटी लावायची, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी निंबाजवळ आलो की हॉर्न दाबायचो तो विहीर येईपर्यंत सोडायचो नाही. जातानाही तेच, उलट्या दिशेनं. दहा दिवस एकही हरीण रस्त्यावर आलं नाही. मोरीच्या कामातला एक पत्रा उरला होता. मी तो पांढरा रंगवला आणि मैलाच्या दगडांच्या काळ्या रंगानं स्वतः लिहिलं:

सावधान. पुढे हरणे आहेत.
हॉर्न वाजवा.

"पाटी कोनीकडं तोंड करून लावू?" दयारामनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे रस्त्याकडं का हरनाईकडं?"

दोन्ही टोकांना एकेक पाटी लागली. कोणाला विचारलं नाही. नंतर कोणी विचारलंही नाही. त्या रस्त्यावर दुसरी फटफटी फक्त गुरांचे डॉक्टर शरच्चंद्र यांची होती. त्यांनी भर बाजारात माझा हात हातात घेतला. "मी दोन हिवाळे जीव मुठीत धरून तिथून जातोय. तुमच्या पाटीनं काम केलं बुवा."

काम केलंच होतं. मुरमाचे ट्रक हॉर्न वाजवू लागले. रामरावांच्या भावकीतला ट्रॅक्टर वाजवू लागला. जीप वाजवी, सायकलवाले घंटी वाजवत. हॉर्न नसलेले गाडीवान बैलांना हाकता हाकता तोंडानं "पोंऽऽ" करत आणि हसत पुढे जात. दोन महिने कोणी पडलं नाही. मी सुलभाला पत्रात पाटीचा नकाशा काढून पाठवला. तिनं उत्तरात विचारलं, हरणांना हॉर्नची भीती वाटते हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी त्याला बाईमाणसाची शंका समजलो. आता ते लिहितानाही लाज वाटते.

•

संक्रांत झाली आणि एका सकाळी विहिरीजवळ रामरावांनी हात करून मला थांबवलं. भारी देह, पांढरं धोतर, रंग उडालेला कोट.

"साहेब, गाडी बंद करा अन् या इकडं. पाहा."

हरभरा मधोमध खाल्लेला होता. धुऱ्याकडे, बांधालगत, हिरवागार, आत खुंट. बैठकीच्या सतरंजीचा मधला भाग उंदरांनी कुरतडावा तसा.

"तीस वर्सं राखन करते म्हातारी. असं कधी झालं नाई. शेजारच्याईचं वावर पाहा, पान हाललं नाई. मचानावर झोपते, दुसरं काय?"

तेव्हा मी काय म्हटलं ते लिहायला नको वाटतं, पण पाटीवर मावलं नाही ते सगळं लिहायचं ठरवलंय. मी म्हटलं, "वय झालं असेल."

"हाव. तेच." रामरावांना माझा आधार मिळाला. "उद्यापासून उकंडराव बसन. तानुबाईले घरी बस म्हनलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मचाणावर उकंडराव दिसला. उभा. डबा नवा.

•

उकंडराव कामाला चोख होता. दिवसभर डबा वाजे, गोफणीचे दगड सुटत, हाळ्या उठत. रामराव खूश होते. पहिल्या दिवशी हरणं मी यायच्या आधीच पार झाली होती. दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी निंबाजवळ मी हॉर्न दाबला.

पोंऽऽऽऽ
(उकंडरावचा डबा) ढण ढण ढण ढण
हाऽऽऽ हाऽऽऽ
पाठी.
पोंऽऽऽऽ
बरोबरीनं.

"साहेब!"

मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी आडवी झाली, पण पडली नाही. काळवीट पुढच्या चाकावरून गेलं. त्याच्या खुराचा ओरखडा दिव्याच्या कडेवर अजून आहे. मग बाकीची गेली, एकामागून एक, आमच्या नाकासमोरून. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.

"साहेब," दयाराम हळूच म्हणाला, "हॉर्न तं वाजवला होता."

"वाजवला होता."

"हरनं तेच."

"तीच."

"वावर तेच, पाटी तेच. मंग बदललं काय?"

आम्ही दोघांनीही मचाणाकडे पाहिलं.

•

तानुबाईचं घर वडनेरच्या खालच्या आळीत, एका खोलीचं. ती ओसरीवर तुरीचे सोले सोलत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि आधी विचारलं, "दयारामचं मनगट?"

"बरं आहे. मावशी, एक विचारायचंय. मी हॉर्न वाजवायचो तेव्हा तुम्ही मचाणावर काय करायच्या?"

"कायी नाई."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो ना. कायी नाई करत होतो. डबा खाली ठेवू, डोक्यावर पदर घेऊ अन् गुपचूप बसू. हरनाले वाटे कोनी नाई. थे मान खाली घालून खात. खानारं हरीन पयत नाई. तुमी विहिरीपार गेले का मंग उठू अन् हाकलू."

"म्हणजे हॉर्नला हरणं भीत नव्हती?"

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "हरनाले का समजते भोंगा? भोंगा मले समजे. का साहेब आले, आता हलायचं नाई. चांगलं केलं तुमी थे. पयल्या वक्ताले मले ऐकू आलं नव्हतं."

सोले सुपात पडत राहिले.

"सुरवातीले दोनच फटफट्या होत्या. तुमची अन् ढोराच्या डाक्टराची. तेवढ्या वेळात हरीन खाऊन खाऊन किती खाईन? मंग तुमी थे पाटी लावली. मंग जो येईन थो वाजवे. टरक वाजवे, सायकल वाजवे. आता मले मचानावरून कसं समजावं, कोन पडन अन् कोन नाई? मी सगळ्याईसाठी बसू."

"बैलगाडीसाठी पण?"

"थे तोंडानं वाजवनारे मेले," ती म्हणाली, "त्याहीच्यासाठी बी दोन-तीनदा बसलो."

मी ओसरीच्या कडेवर बसलो. रामरावांच्या हरभऱ्यातला तो कुरतडलेला मधला भाग माझा होता. माझ्या पाटीनं खाल्लेला. रोज दोनदा, दोन महिने, मी निंबापासून विहिरीपर्यंत सुखरूप गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी एक बाई आपलं राखणीचं नाव पणाला लावून डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"रामरावांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? का मालक, तुमचा हरभरा म्या जानून चारला? झोपते म्हनून राह्यले तं म्हनू द्या. झोपेले माफी हाय, साहेब. जानून केल्याले नाई."

"मी सांगतो त्यांना."

तिचा हात थांबला. "नाई. शपथ हाय माही. तुमी एक शब्द नाई बोलायचा."

मी शब्द दिला. दिल्यावर लक्षात आलं की आता मला फक्त दाखवता येईल.

•

रामरावांना फटफटीवर बसायची हौस होती, हे सगळ्या वडनेरला ठाऊक होतं. भारदस्तपणामुळे ते कधी म्हणत नसत. मी म्हटलं, "पाटील, चला, नवी मोरी दाखवतो." दयारामला चालत यायला सांगितलं. तो म्हणाला, "माही जागा गेली तं गेली, पन माहा जीव वाचला."

मोरी पाहून झाली. परत येताना सूर्य बाभळींवर टेकला होता. निंबाजवळ मी गाडी अगदी हळू केली. हॉर्न दाबला. मचाणावर उकंडराव उठला. मालक मागे बसलेत हे त्यानं पाहिलं असावं, कारण असा डबा त्यानं आयुष्यात वाजवला नसेल.

हरणं उठली.

या वेळी मी शर्यत लावली नाही. गाडी जागच्या जागी थांबवली आणि बंद केली. रामरावांची बोटं माझ्या खांद्यांत रुतली. वीस पावलांवरून कळप उड्या मारत पार गेला. सोळा की सतरा. रामरावांची टोपी कधी पडली ते दोघांनाही कळलं नाही.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"नाही. चार-पाच दिवसच झाले."

"म्हंजे उकंडराव आल्यापासून."

मी मान हलवली.

"अन् तानुबाई होती तवा?"

"दोन महिन्यांत एकदाही नाही."

ते खाली उतरले. टोपी उचलून झटकली. त्यांनी पाटी वाचली. मग वावराच्या मधल्या खुंटांकडे पाहिलं, मचाणाकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस होता तो. हरीण कधी पळतं आणि कधी खातं हे त्याला माझ्यासारखं शिकवावं लागत नव्हतं.

"भोंगा वाजला का थे गुपचूप बसे," ते सावकाश म्हणाले. "हरनं खात राहत. माहा हरभरा."

मी टाकीवरची धूळ पुसत राहिलो.

"अबे बोला ना, साहेब!"

"मी कोणाला तरी शब्द दिलाय, पाटील."

"झालं तं मंग. समजलं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पण चालायला लागले नाहीत. "माह्या सुनेचा भाऊ याच रस्त्यानं सायकलनं येते. शनिवारी. अंधार पडता पडता."

•

गावात गाडीवरून उतरल्यावर ते घरी न जाता तसेच खालच्या आळीत गेले. मी गाडी हातानं ढकलत मागून गेलो. ओसरीसमोर पाटलांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मावशी, उद्यापासून या."

"मी झोपतो तिथं," तानुबाई म्हणाली.

"झोपा. पन मचानावर झोपा, घरी नोका झोपू."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी दोन्ही हात हलवले: मी नाही बोललो. रामराव म्हणाले, "त्याहीनं कायी सांगतलं नाई. ज्याच्या डोक्यावरून हरीन जाते त्याले आपोआप समजते."

"हरभऱ्याचं काय?" तिनं विचारलं.

"थे तुमीच सांगा. मानूस बी पडू नये अन् हरभरा बी राहावा, असं कायी हाय का?"

"हाय ना," ती म्हणाली. जणू कोणी विचारावं म्हणून ती तीस वर्षं थांबली होती. "फटफटीनं थांबाव. निंबापाशी. इकडून आली तं विहिरीपाशी. बंद करून उभं राहाव, चिलीम वढते एवढा वेळ. मी आरामानं हरनं पार करतो. समदे पडितात गेले का तीनदा डबा वाजवतो. मंग जा म्हना कुठी जायचं थे."

"थांबतील का लोक?" मी म्हटलं.

"तुमची पाटी वाचून बैलगाडीवाले तोंडानं बोंबलले, साहेब. थांबतीन."

मग तिनं माझ्याकडे एकच मागणं मागितलं. "थे जुनी पाटी काढा. कानाले लय तरास झाला."

•

दोन्ही पाट्या मी त्याच रात्री धुतल्या आणि सकाळी पुन्हा लिहिल्या. आधी लिहिलं: कृपया राखणदार तानुबाई यांच्या सूचनेनुसार. मावलं नाही. मग लिहिलं: हरणे ओलांडत असताना. तेही मावलं नाही. 'आभारी आहोत' लिहायला तळाशी दोन बोटं जागा होती. दयाराम म्हणाला, "थ्या मावशीले कुठी वाचता येते?" म्हणून ते राहिलं.

त्या दिवशी निंबाखाली मी गाडी बंद केली. इतके महिने त्या जागेवर मी फक्त इंजिन आणि हॉर्न ऐकला होता. आता हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास आला. टिटवी ओरडली. दयारामसुद्धा बोलला नाही. तानुबाई मचाणावरून उतरली आणि धुऱ्याधुऱ्यानं, गुरं वळवावी तशी चालत गेली, डबा न वाजवता, तोंडानं नुसतं हूंऽ हूंऽ करत. हरणांनी माना वर केल्या. पळाली नाहीत. एकेक करून रस्त्यावर आली. एक पाडस मध्येच थांबून आमच्याकडे पाहत राहिलं, मग आईमागे गेलं.

ढण. ढण. ढण.

मी किक मारली. मचाणाजवळून जाताना हॉर्नकडे हात गेला; सवय. मागे घेतला. गाडी थांबवून उतरलो आणि हात जोडले.

"काऊन थांबले?" ती ओरडली. "वाजला ना डबा! निघा!"

नंतर मी तिला लुगडं नेलं, तिनं घेतलं. दयारामनं नवा कोरा डबा नेला, तो परत केला. म्हणाली, जुन्याचा आवाज हरनाच्या वयखीचा हाय.

•

फाल्गुनात शाळेला सुट्टी होती म्हणून सुलभा वडनेरला आली. तिला मोऱ्या पाहायच्या नव्हत्या. तिला निंब पाहायचा होता. संध्याकाळी परत येताना मी गाडी बंद केली आणि आम्ही दोघं उभे राहिलो. हरभरा पिकून पिवळा पडत होता. मधला भाग विरळच राहिला, पण रामराव कोणी विचारलं तर म्हणत, थो भाग रस्त्याले दिला.

"किती वेळ थांबायचं?" सुलभानं विचारलं.

"डबा तीनदा वाजेपर्यंत."

तिनं पाटी वाचली. मग दूरवर हरणांमागून चालणाऱ्या त्या लहानशा आकृतीकडे पाहत उभी राहिली. मला पत्रातली तिची शंका आठवत होती. तिलाही आठवत असणार.

ढण. ढण. ढण.

मी किक मारायला पाय उचलला.

ढण.

मी थांबलो. चौथ्याचं काही ठरलेलं नव्हतं. एखादं हरीण मागे राहिलं की काय म्हणून दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्ता मोकळा होता. आम्ही हळूहळू निघालो. मचाणापाशी पोचल्यावर मी विचारलं, "मावशी, चौथ्यांदा कशाला वाजवला? कोणी राहिलं होतं का?"

"हरनाचे तीनच," तानुबाई म्हणाली. "थो बाईसाहेबाईले रामराम होता."